चैत्रगौरीपुढची डुलकी

त्या वर्षीच्या चैत्रात चारुशीलेचं तोंड जरा जास्तच चालत होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. शाळेच्या वक्तृत्वाच्या चढाओढीत तिनं पहिलं बक्षीस मारलं होतं. तेही सातवीतल्या थोराड मुलींना मागे टाकून, स्वतः इंग्रजी पाचवीत असताना! विषय होता 'नवा कायदा आणि हिंदू स्त्री'. नवरा वारला तर त्याच्या मिळकतीत विधवेलाही मुलाच्या बरोबरीनं वाटा, असा कायदा गेल्याच वर्षी दिल्लीहून आला होता. तिचे बाबा, महादेवराव, नागपुरात वकिली करत. त्यांनीच तिला रोज जेवणानंतर कलमं समजावून दिली होती. पण भाषणाचा शेवट मात्र तिचा स्वतःचा होता. "आजवर आम्ही मिळकतीत मोजल्या जात होतो. आता आम्ही माणसांत मोजल्या जाऊ!" असं म्हणून तिनं टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचा पेला उडाला. पुढच्या रांगेत बसलेल्या बाबांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की त्यांचा रुमाल मांडीवरून खाली पडला आणि त्यांना कळलंही नाही.

झालं! तेव्हापासून घरात कुणाची सुटका नव्हती. दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं की चारू त्याला फसवणुकीचं कलम सांगे. आईनं "भांडी विसळ" म्हटलं की ती आधी वाद घाले आणि मग विसळे. मुकुंदकाकांनी तर तिचं नावच बदललं होतं. तिला ते 'वकीलीणबाई' म्हणत. "वकीलीणबाई, जरा पक्कड द्या," "वकीलीणबाई, आमची बाजू मांडा, वहिनी चहा देऊन नाही राहिल्या." ही हाक ऐकली की चारूला आपण दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटे.

मुकुंदकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. कापडाच्या गिरणीत यंत्रांच्या देखभालीचं चांगलं काम होतं त्यांचं. दिवाळीत त्यांनी ते सोडलं आणि महाल वस्तीतल्या या राहत्या घराच्याच मागच्या पडवीत पत्रे, खिळे आणि करवत घेऊन बसले. काहून सोडलं, तर एका ताटीपायी.

नागपूरचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला ताटीचं महत्त्व सांगायला नको. दाराला खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारायचं, की बाहेरचा भाजणारा वारा आत येताना गार आणि सुगंधी होऊन येतो. पण पाणी मारायला माणूस लागतो! श्रीमंताकडे नोकर असतो. बाकीच्यांकडे आई आणि मुलगी असते. दुपारी साऱ्यांचे डोळे मिटत आले की या दोघींनी पाळीपाळीनं उठायचं, तांब्यानं पाणी मारायचं आणि परत आडवं व्हायचं. तोवर ताटी वाळलेली!

काकांनी यावर तोड काढली होती. वर चौकटीला एक माठ टांगायचा. त्याच्या बुडातून थेंब थेंब पाणी खालच्या पत्र्याच्या पन्हाळीत पडायचं. ही पन्हाळ ताटीच्या रुंदीएवढी लांब आणि दोन खिळ्यांवर झुलणारी. भरत आली की, बसल्या जागी झोप लागलेल्या माणसाची मान पडावी तशी ती पुढे झुकायची, सगळं पाणी ताटीवर सारखं ओतायची आणि दचकून पुन्हा सरळ व्हायची. म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं डुलकी. सगळी मेख होती पन्हाळीच्या पोटाखाली कडेला बसवलेल्या शिशाच्या एका गोळ्यात. तो गोळा कुठे बसवायचा, हे शोधण्यातच काकांची दिवाळी ते होळी गेली होती.

मुंबईच्या एका कारखान्यानं काकांना लिहिलं होतं की कल्पना पसंत आहे, पण आधी पेटंट घ्या, मग बनवण्याचं बोलू. पेटंट मिळालं तर काकांचा स्वतःचा कारखाना उभा राहणार होता. नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी दारी पाना घेऊन उभं राहायचं. पेटंटचा अर्ज कलकत्त्याला जायचा होता. बाबा तो लिहून देणार होते, फक्त नकाशा पक्का व्हायचा होता. आणि नेमकं त्याच वेळी खाप्याजवळच्या मँगनीजच्या खाणीवर पाण्याचा पंप बिघडला आणि काकांना बोलावणं आलं. हाताशी पैसा नव्हता, जाणं भाग होतं.

निघताना त्यांनी मागच्या दाराला बसवलेल्या डुलकीवर जुनी चादर घातली, कडा नीट खोचल्या आणि चारूला जवळ बोलावलं.

"वकीलीणबाई, मी येईतो ही चादर काढायची नाही. कोणाले दाखवायची नाही. अर्ज एकदा कलकत्त्याले गेला, की मग साऱ्या नागपूरले दाखव. वचन?"

"वचन!" चारू म्हणाली, आणि काकांच्या तळहातावर असा हात आपटला की तेच हात झटकू लागले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू.

सकाळची शाळा सुटल्यापासून चारू नुसती भिरभिरत होती. पायऱ्या तिनं मांडल्या, झोपाळ्यात गौर तिनं बसवली, टरबुजाचं कमळ तिनं कापलं. आईनं कैरीची डाळ केली, पन्ह्याचे दोन हंडे भरले, हरभरे भिजवले. संध्याकाळ व्हायच्या आधीच बाया यायला लागल्या. महालातल्या आल्या, बर्डीवरच्या आल्या, आणि थेट लकडगंजाहून टांगा करून रंभाबाई आल्या. रंभाबाईंच्या यजमानांची तिथं लाकडाची वखार होती आणि त्यांचे खटले बाबांकडे असत. अंगानं भरघोस, आवाजानं त्याहून भरघोस.

एवढ्या बाया, जरीची लुगडी, गच्च खोली आणि बाहेर अजून तापलेली हवा! गुलाबपाणी शिंपडलं तर ते अंगावर पोचायच्या आतच वाळत होतं. एक म्हातारी भिंतीला टेकून डोळे पांढरे करायला लागली. रंभाबाई पदरानं वारा घेत आईला म्हणाल्या, "देवकीबाई, गौर तं छान सजवली वं, पन आम्हाले काय उकडून वाढता का गौरीले?"

सगळ्या हसल्या. आई कानकोंडी झाली. आणि चारूचं लक्ष मागच्या दाराकडे गेलं. चादरीखाली डुलकी उभी होती. माठ भरलेला होता. काकांनी काय म्हटलं होतं? कोणाला दाखवायची नाही. कोणाला म्हणजे मिस्त्र्यांना, लोहारांना, व्यापाऱ्यांना. इथे कोण होतं? बायकाच तर होत्या सगळ्या!

हा विचार तिच्या मनात इतक्या सहज आला की तिनं त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिनं चादर ओढली. बूच काढलं. थेंब टपटपले, पन्हाळ भरली, मान पडली आणि सर्रकन पाणी ताटीवर पसरलं. खसाचा वास उठला. मागच्या अंगणातून वाऱ्याची झुळूक आली ती गारेगार होऊन. बायांच्या तोंडून एकदम "अगो बाई!" निघालं. म्हातारीचे डोळे जागेवर आले. पन्हाळ दचकून सरळ झाली तशा सगळ्या लहान मुलींसारख्या खिदळल्या.

"हात न लावता होऊन राह्यलं वं हे!"

"भूत तं नाही ना बसलं आतमधे?"

मग काय, चारू उभी राहिली पाटावर. समोर श्रोते, अंगात बक्षिसाचा वारा! माठाचं भोक केवढं, पन्हाळ किती खोल, खिळे कुठे, सगळं तिनं सांगितलं. रंभाबाई उठून अगदी जवळ आल्या, पन्हाळ हातानं कलती करून खालून पाहिली आणि म्हणाल्या, "हा गोळा कडेले काहून लावला? मधात काहून नाही?"

"मधे लावला तर ती झोपते ती झोपतेच, उठत नाही!" चारू म्हणाली. सगळा हशा झाला. आणि ज्या गोष्टीवर काकांचे पाच महिने गेले होते ती, हरभऱ्यानं ओटी भरावी तशी, तिनं रंभाबाईंच्या ओटीत टाकली.

"तू बनवली का वं पोरी?" मागून कुणीतरी विचारलं.

चारू हसली. हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही.

सगळ्या गेल्यावर आई उष्ट्या वाट्या गोळा करत होती. वर न पाहताच ती म्हणाली, "भावजी काही सांगून गेले होते ना तुला?"

"अगं आई, बायकाच तर होत्या!"

आईचे हात क्षणभर थांबले. तिनं चारूकडे पाहिलं, जरा विचित्रच पाहिलं. मग म्हणाली, "हो. बायकाच." आणि वाट्या उचलून आत गेली. चारूनं चादर पुन्हा घातली. कडा खोचल्या. काकांनी खोचल्या होत्या तशाच.

काका परतले ते पुढच्या आठवड्यात, रापलेले पण खुशीत. येताना चारूसाठी खाणीतला एक चमकता काळा दगड घेऊन आले. "तुमच्या कोर्टातल्या टेबलावर कागद दाबायला, वकीलीणबाई." चादर जागच्या जागी पाहून त्यांनी तिची पाठ थोपटली. "शाबास! माणसानं शब्द पाळावा तं असा."

चारूनं वर पाहिलं नाही. ती हातातला दगड उलटसुलट करत राहिली.

त्याच संध्याकाळी बाबांनी अर्जाचा कच्चा खर्डा वाचून दाखवला. इंग्रजीतलं एकेक वाक्य वाचून ते मराठीत सांगत होते. पन्हाळीचं वर्णन झालं, गोळ्याचं झालं. मग ते थांबले आणि चष्मा वर करून म्हणाले, "आता हे महत्त्वाचं, मुकुंदा. इथे तू लिहून देतोयस की ही युक्ती आजवर लोकांत माहीत झालेली नाही आणि वापरात आलेली नाही. ह्यावर पेटंटचा सगळा डोलारा उभा असतो. वस्तू घरात आहे तोवर तुझी. एकदा लोकांनी पाहिली, समजून घेतली, की ती साऱ्यांची. मग तू शंभर अर्ज कर."

"आणि चुकून पाहिली असंल तं?" काकांनी विचारलं.

"कायद्याला चूक आणि मुद्दाम यात फरक नाही. एकानं आपलं यंत्र जत्रेत हौसेनं मांडलं आणि पेटंट घालवून बसला. का, तर बढाई मारायची होती."

काका हसले. "आपल्याकडे तसला बढाईखोर कोणी नाही."

चारूच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं न पिताच खाली ठेवला.

त्यानंतरचे दिवस तिला कधी नव्हे ते लांब वाटले. काकांनी हाक मारायच्या आत ती धावत जाई. पक्कड पुसून ठेवी, पत्र्याचे कपटे वेची, सकाळी उठून माठ घासून ठेवी. जेवताना कैरीची डाळ पानात पडली की ती कडेला सारून ठेवी. "काहून गं, तब्येत बरी नाही का?" बाबा विचारत. "वादबीद काही नाही आज?" वादाचं बळच नव्हतं. वाद घालायला निदान एक बाजू लागते. तिच्याजवळ एकही नव्हती.

आणि काका तर सुटलेच होते. एक दिवस पितळेची छोटी पट्टी घेऊन बसले आणि तिच्यावर अक्षरं कोरू लागले. "नाव काय ठेवलं माहीत आहे? 'चारु ताटी'. प्रत्येक ताटीवर ही पट्टी लागणार. मुंबईले, दिल्लीले, जिथं जाईल तिथं."

"नको काका," चारू म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"नको कसं? पहिल्या दिवसापासून पाणी कोणी भरलं?"

तिला वाटलं, आत्ता सांगावं. ओठ उघडलेही. पण काकांनी 'चा' कोरून झाला होता आणि ते त्यावरचा पितळेचा भुगा फुंकत होते. ती उठून विहिरीवर गेली आणि उगाचच बादली भरत बसली.

मग तिनं स्वतःची समजूत घातली. बायका काय लक्षात ठेवणार आहेत? गारवा घेतला, डाळ खाल्ली, विसरल्या असतील. एकदा खात्री करून घेतली की झालं. रंभाबाईंची वाटी हळदीकुंकवाच्या दिवशी राहून गेली होती. ती परत करायच्या निमित्तानं चारू भर सकाळी इतवारीच्या बाजारातून चालत लकडगंजात पोचली.

वखारीत शिरताच तिला आवाज ऐकू आला. टप, टप, टप. मग सर्रर्र.

वखारीच्या गादीमागच्या दाराला ताटी होती. वर माठ होता. खाली पन्हाळ होती, पत्र्याची नव्हे, सागाची, गुळगुळीत रंधलेली. भरली, मान पडली, पाणी ओतलं, सरळ झाली. तिच्या पोटाखाली, कडेला, लोखंडाचं एक वजन होतं.

"ये वं ये पोरी!" रंभाबाई घरातून हाका मारतच आल्या. "पाह्यलं का? आमच्या ह्यायले म्यां सगळं सांगतलं. पह्यले म्हणत, तुले काय समजते त्यातलं. म्हटलं, मले नाही समजत तं त्या पोरीचं समजावणं काय वाया गेलं? हातानं मापं धरून सुताराकडून करवून घेतली. पत्र्याले गंज लागते, म्हणून सागाची केली. आता शेजारच्या दोघीतिघी बी करून राहिल्या. पलीकडल्या घरची म्हातारी तं तुले आशीर्वाद देते, दुपारी झोप लागते म्हणते बिचारी." त्यांनी चारूचा हात धरला. "काय वं, हात किती गार पडला तुया! बस, पन्हं देतो."

रंभाबाईंच्या तोंडावर चोरीचा मागमूस नव्हता. चोरी त्यांनी केलीच नव्हती. जे भर सभेत वाटलं गेलं ते त्यांनी घेतलं होतं, आणि नीट समजून घेतलं होतं. चारूनं पन्हं प्यायलं, वाटी दिली आणि ती परत निघाली. इतवारीतून येताना ऊन डोक्यावर आलं होतं. तिला ते हवंसं वाटलं. भाजू दे, तिनं म्हटलं.

घरी पोचली तेव्हा बाबांनी अर्जाची पक्की प्रत पुढे मांडली होती. काकांनी धुतलेला सदरा घातला होता, जणू कलकत्त्याचा साहेब समोरच बसला आहे. दौत उघडी होती. काकांनी टाक बुडवला.

"थांबा," चारू म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं.

"मी चादर काढली होती." तिनं डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवून पुढचं निघालं नसतं. "तुम्ही खाप्याला गेलात आणि मी काढली. चालवून दाखवली. गोळा कुठे, तोही सांगितला."

काकांच्या हातातल्या टाकाचा थेंब टीपकागदावर पडला आणि पसरला.

"कोणाला?" बाबांचा आवाज कोर्टातला होता. "कोणाला दाखवलीस?"

"हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना."

बाबांनी मोठ्ठा श्वास सोडला, आणि चक्क हसले. "हत् वेडे! केवढ्यानं घाबरवलंस! मला वाटलं, इतवारीत नेऊन मांडलीस. अगं, कायदा म्हणतो लोकांत. हळदीकुंकू म्हणजे का लोक? माजघरातली गोष्ट ती. बायका आल्या, हवा खाल्ली, डाळ खाल्ली, गेल्या. त्यांना काय कळतंय गोळा न् पन्हाळ? उद्या कुणी हरकत घेतलीच, तर साक्षीला का या बायका येणार आहेत? कर सही, मुकुंदा. काही बिघडलेलं नाही."

काही बिघडलेलं नाही! इतक्या दिवसांचं ओझं बाबांनी एका फुंकरीत उडवून दिलं होतं. चारूला फक्त गप्प बसायचं होतं.

पण काकांनी सही केली नाही. ते तिच्याकडेच पाहत होते. रागानं नव्हे. एखादं यंत्र कुठे अडलं आहे ते पाहावं तसे.

"चारू," ते म्हणाले. वकीलीणबाई नाही म्हणाले. "त्यायले कळलं का गं?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथे फळीवर तिच्या बक्षिसाचा चांदीचा मुलामा दिलेला पेला होता. नाही म्हटलं की सगळं परत मिळणार होतं. काकांचा कारखाना, पितळी पट्टी, ती हाक. नुसतं 'नाही, काका, हवाच खात होत्या' एवढं म्हणायचं. आणि हे ती आधीही म्हणाली नव्हती का? याच घरात, उष्ट्या वाट्या गोळा करणाऱ्या आईला? बाबा आज जे बोलले ते तिनंच आधी बोलून ठेवलं होतं. टेबलावर मूठ आपटून पंधरा दिवस झाले नव्हते, तेव्हा.

"कळलं," ती म्हणाली. "सगळं कळलं. रंभाबाईंनी गोळा कडेला काहून, ते विचारलं. त्यांच्या वखारीत सागाची डुलकी चालू आहे, मी आत्ता पाहून आले. शेजारच्या बायकाही करून राहिल्या. आणि काका, 'तू बनवली का' म्हणून मला विचारलं, तेव्हा मी नाही म्हटलं नाही."

मग दारातून आईचा आवाज आला. तिच्या हातात निवडायच्या तांदळाचं सूप होतं.

"भावजी, एकटी तीच नाही. मी उठून चादर घालू शकले असते. नाही घातली. मलाही गार वाटून राहिलं होतं. इतक्या वर्षांत गौरीच्या दिवशी पहिल्यांदा."

"तुम्ही दोघी मिळून त्याचा—" बाबा ओरडले आणि अर्ध्यावर थांबले. त्यांनाही तो पेला दिसला असावा, कारण त्यांनी एकदम चष्मा काढून पुसायला घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मुकुंदा, तरी माझं ऐक. कोणी विचारायला येणार नाही."

"नाही येणार, दादा," काका म्हणाले. "पण इथं लिहिलंय की लोकांत माहीत नाही. माहीत तं आहे." त्यांनी टाक पुसला, दौतीला बूच लावलं आणि उठून मागच्या पडवीत गेले. थोड्या वेळानं तिकडून कानशीचा आवाज यायला लागला. पितळेवर कानस. चारूला न पाहताही कळलं, ते काय घासून काढत आहेत.

त्या दिवशी तिला कुणी रागावलं नाही. मार दिला असता तर बरं झालं असतं असं तिला फार वाटलं. खाणीच्या साहेबांनी काकांना पंपावर कायमचं बोलावलं होतं. ते बोलावणं त्यांनी आधी हसण्यावारी नेलं होतं. आता त्यांनी होकार कळवला. मुंबईच्या कारखान्याला दोन ओळींचं पत्र गेलं. ट्रंक भरताना चारू कपडे घड्या करून देत होती आणि काका ते घेत होते. "ठेव," "आण," एवढंच बोलत होते. वकीलीणबाई कुठेच नव्हती.

निघायच्या आदल्या सकाळी मात्र ते चपला घालून दारात उभे राहिले. "चल. लकडगंजात जाऊ."

"काहून?"

"सागाची केली म्हणतेस ना. लाकूड पाणी पिते, जड होते. मग गोळ्याचा तोल चुकायला पाहिजे. त्या बाईनं तो कसा सांभाळला ते मले पाहायचं आहे."

सगळ्या वाटेनं ते पुढे आणि ती मागे.

वखारीत त्या दिवशी रंभाबाईंकडेही हळदीकुंकवाची तयारी चालली होती. शेजारच्या बाया जमल्या होत्या, कुणी कैऱ्या किसत होत्या, कुणी हरभरे निवडत होत्या, आणि त्यांच्यामागे डुलकी आपली पेंगत होती. काका दारातच संकोचून थांबले. रंभाबाईंनी चारूला पाहिलं आणि भरघोस आवाजात सगळ्यांना सांगितलं, "पाहा वं बायांनो, हेच ते पोरगी! इनंच बनवली!"

साऱ्या वळल्या. कौतुकानं पाहू लागल्या. एकीनं तर गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. चारूनं मागे पाहिलं. काका पन्हाळीकडे पाहत होते, पण त्यांचे कान इकडे होते.

या वेळी तिला पाट लागला नाही की टेबल लागलं नाही.

"मी नाही बनवली," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तो शेवटच्या बाईपर्यंत पोचला. "मी नुसती दाखवली. दाखवू नको म्हटलं होतं, तरी दाखवली. बनवली ती माझ्या मुकुंदकाकांनी. हे उभे आहेत ते. पाच महिने लागले त्यांना. तुमच्याकडे कोणी विचारलं, तर त्यांचं नाव सांगाल ना?"

पन्हाळ भरत आली होती. तिची मान पडली, सर्रर्र झालं.

रंभाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "अगो माय," त्या हळू म्हणाल्या, आणि मग काकांकडे वळून, "भाऊ, आम्हाले माहीत नव्हतं गा. आमच्यानं तुमचं काही नुकसान तं नाही ना झालं?"

चारूनं खाली पाहिलं. आता ते सांगतील, तिला वाटलं. सांगू देत.

काका पुढे आले, पन्हाळीखाली वाकले आणि लोखंडाच्या वजनावर बोट टेकवलं. ते थोडं मागे सरकवलं, थोडं पुढे सरकवलं.

"हे वजन तुम्ही मागे-पुढे सरकतं ठेवलं," ते म्हणाले. "लाकूड फुगलं की सरकवता. हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"माह्या," रंभाबाई म्हणाल्या.

"मले नव्हतं सुचलं," काका म्हणाले.

आणि खिशातून फूटपट्टी काढून, मागे न पाहताच, त्यांनी तिचं दुसरं टोक धरण्यासाठी चारूपुढे केलं. तिनं ते धरलं. पट्टी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं.